कलेजी, पाला की गोळी? 'अ' जीवनसत्त्वाचा हिशोब

तांबड्या रश्श्यावर 'अ' जीवनसत्त्वाची गरज भागते असं मानणाऱ्यांची आधी निराशा करतो. मिरचीचा तो लालभडक रंग मुख्यतः कॅप्सँथिनचा, आणि शरीर त्याचं 'अ' जीवनसत्त्व करू शकत नाही. टोमॅटोतल्या लायकोपीनचंही तेच. मिरचीत थोडं बीटा-कॅरोटीन असतं खरं, पण त्याच्या जोरावर दिवसाची गरज भागवायला निघालात तर आधी पोट हात टेकेल. (कोल्हापूरकर हे कबूल करणार नाही, तो भाग वेगळा.)

उपयोगाची कॅरोटिनॉइडं (भाज्या-फळांतली रंगद्रव्यं) मुख्यतः तीन: बीटा-कॅरोटीन, अल्फा-कॅरोटीन आणि बीटा-क्रिप्टोझँथिन. आतड्यात बीटा-कॅरोटीनचा रेणू मधोमध तुटतो आणि त्यातून 'अ' जीवनसत्त्व तयार होतं. पण नेहमीच्या जेवणातलं 12 मायक्रोग्रॅम बीटा-कॅरोटीन पोटात गेलं, तर रेटिनॉल (म्हणजे तयार 'अ' जीवनसत्त्व) धरायचं 1 मायक्रोग्रॅम. बाकीच्या दोघांचा भाव तर 24 ला 1. भारतीय शिफारस बाईला रोज 840 आणि पुरुषाला 1000 मायक्रोग्रॅमची आहे, म्हणजे गाजराच्या दोन चकत्यांवर भागत नाही.

इथं कलेजी बाजी मारते. तिच्यात रेटिनॉल तयारच मिळतं, 100 ग्रॅममध्ये काही हजार मायक्रोग्रॅम. पण तीच तिची अडचण. जादा रेटिनॉल आपल्या यकृतात साठत जातं. मोठ्या माणसाची वरची मर्यादा दिवसाला 3000, आणि गरोदरपणात ती वरचेवर ओलांडली तर बाळात व्यंग येऊ शकतं. आमची वहिनी दोन जीवांची असताना शेजारच्या काकू 'रक्त वाढतंय' म्हणून कलेजी पाठवायच्या. ती दादानं खाल्ली, आनंदानं.

पाल्याचं उलट. अंगात 'अ'चा भरपूर साठा असला की शरीर बीटा-कॅरोटीनचं रूपांतरच मंद करतं. फार झालं तर तळहात पिवळे पडतात, डोळे मात्र पांढरेच राहतात, कावीळ नव्हे. कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईत गाजरांच्या ढिगापुढं दबून बसलेली शेवग्याच्या पाल्याची जुडी मी आधी उचलेन, तिच्यात गाजरापेक्षा कितीतरी जास्त बीटा-कॅरोटीन असतं. फक्त तेलाची फोडणी हवी, कारण कॅरोटीन स्निग्धाशिवाय अंगी लागत नाही. चिरून शिजवल्यावर ते जास्त सुटतं. कच्च्या कोशिंबिरीतून कमी मिळतं. रताळं घ्यायचं तर आतून केशरी बघा, पांढऱ्यात जवळपास काही नाही.

दुधाची गंमत निराळी. गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं म्हशीचं दूध पांढरंशुभ्र, गाईचं पिवळसर. म्हणून गाईचंच 'अ'वालं असं नाही. म्हैस कॅरोटीनचं रूपांतर आधीच उरकते, गाईच्या दुधात थोडं कॅरोटीन तसंच उतरतं.

बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या मी घेणार नाही, आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यानं तर हातही लावू नये. फिनलंडमध्ये 29 हजारांहून जास्त धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत (निकाल 1994) रोज 20 मिलिग्रॅम घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त निघाला. लहान मुलांना 9 महिन्यांपासून 5 वर्षांपर्यंत सरकारी डोस मिळतोच. त्यावर दुकानातलं टॉनिक घालण्याआधी डॉक्टरांना विचारा.

मटण चालत असेल आणि घरात कोणी गरोदर नसेल, तर महिन्यातून एखाद्या वेळी कलेजी. एरवी आठवड्यातून तीनदा पाल्याची भाजी. शाकाहारी घरात रोजचं दूध-तूप आणि पाला, मोसमात पपई-आंबा.