जुनी बस घेऊन फिरतं घर करायचंय? मोठी सिटी बस, शाळेची मिनीबस की ट्रॅव्हलर

परवा रात्री साडेदहाला आतेभावाचा फोन. "ऑटोनगरात एक बस बघून आलोय, जुनी सिटी बस, बारा मीटर आहे बघ, सव्वातीन लाख म्हणतोय, टोकन देऊन टाकू काय?" मी म्हटलं आरसी, म्हणजे नोंदणीचा कागद, बघितलास काय. तर म्हणे आरसीचं नंतर बघू की, आधी बस तर बघ, आत चक्क कबड्डी खेळता येते!

त्याला खरं तर तीन गाड्या मिळालेत. एक ही सिटी बस, दुसरी खानापूरकडच्या एका शाळेची एसएमएल इसुझू (लोक अजून स्वराज माझदाच म्हणतात) मिनीबस २०१४ ची, आणि तिसरी कोल्हापूर पासिंगची फोर्स ट्रॅव्हलर, एमएच-०९, टूरवाल्याने चालवलेली. मी स्वतः चार वर्षांपूर्वी असलीच एक मिनीबस घेऊन घर केलंय, बेळगावच्या उद्यमबागेत फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये काम करत असल्यामुळे वेल्डिंग-पत्र्याचं काम घरचंच, तरी चुकायचं तिथं चुकलोयच. त्यामुळे त्याला जे फोनवर तासभर सांगितलं तेच इथं लिहितोय, दुसऱ्या कुणाला घ्यायची असली तर उपयोगी पडेल.

आधी कागद, बाकी सगळं नंतर. बस कागदावर मेलेली असेल तर ती बस नाही, चार टनांचं भंगार आहे. सरकारी मालकीच्या गाडीला १५ वर्षं झाली की १ एप्रिल २०२३ पासून तिची नोंदणी पुढं वाढवून मिळत नाही, एसटी महामंडळ, आपली वायव्य कर्नाटकची सारिगे (तिकडची एसटी), सिटी बसवाले सगळे त्यात आले, आणि असल्या गाड्या नोंदणीकृत स्क्रॅपिंग सेंटरलाच जायला पाहिजेत. आतेभावाने पाठवलेल्या फोटोत पाटीवर २०१० चं मेक स्पष्ट दिसतंय. म्हणजे ती बस मधल्या काळात कुणा खाजगी माणसाच्या नावावर रीतसर ट्रान्स्फर झालेली असेल आणि आरसी जिवंत असेल तरच तिच्यात अर्थ आहे, नाहीतर ती बेळगावच्या केए-२२ च काय कुठल्याच पाटीवर रस्त्यावर येणार नाही. विकणारा म्हणतो "कागद करून देतो", हे वाक्य ऐकलं की चहा संपवायचा आणि उठायचं.

आणि हो, त्याला कुणीतरी सांगितलंय की जुनी आहे तर व्हिंटेजमध्ये नोंदव. ते पण डोक्यातून काढा. व्हिंटेजचा २०२१ चा नियम ५० वर्षांवरच्या दुचाकी आणि कारसारख्या गाड्यांना आहे, बसला नाही, आणि त्यात गाडी मूळ रूपात पाहिजे. आत पलंग, मोरी आणि ओटा बसवल्यावर मूळ रूप कुठलं राहिलं?

दुसरा कागद म्हणजे बदलाची परवानगी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या रचनेत मनाला येईल तसा बदल करायचा नाही, आणि २०१९ च्या सुरुवातीला सुप्रीम कोर्टाने पण हे कडक सांगितलंय. मोटर कॅराव्हॅनसाठी, म्हणजे असल्या फिरत्या घरांसाठी, एआयएस-१२४ नावाचं वेगळं स्टँडर्डच आहे, आणि तपासणाऱ्या संस्थांपैकी एआरएआय आणि सीआयआरटी दोन्ही पुण्यात, आपल्याला साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. त्यामुळे पत्र्याला पहिलं भोक पाडायच्या आधी आरटीओत जाऊन कसं पाहिजे, कुणाकडून पाहिजे हे विचारून लेखी घ्यायचं. मी हे उलट केलं, आधी काम आणि मग परवानगी, तर एका एजंटाने माझे तीन महिने आणि बऱ्यापैकी पैसे खाल्ले आणि शेवटी मीच फाईल घेऊन खिडकीला उभा राहिलो तेव्हा काम झालं. आरसीवर बदल चढला नसेल तर उद्या अपघात झाल्यावर इन्शुरन्सवाला हात वर करायला मोकळा.

खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन नॉन-ट्रान्सपोर्टमध्ये, म्हणजे घरच्या कारसारख्या गाड्यांच्या वर्गात धरतात, ही चांगली गोष्ट आहे. पण शाळेची बस आज ट्रान्सपोर्टमध्ये आहे, तिचं परमिट सरेंडर, टॅक्स क्लिअर, मग वर्ग बदल, असं सगळं करावं लागतंय. भाड्याने द्यायचा विचार असला तर मात्र परत ट्रान्सपोर्टच.

आता मोठ्या बसबद्दल. मी तिच्या विरोधात आहे असं नाही हं, उलट माझं मन अजून तिच्यातच आहे. बाहेरून अडीच मीटरच्या वर रुंद, आत आडवा पलंग टाकला तरी पाय भिंतीला लागत नाहीत. ट्रॅव्हलरमध्ये आडवं झोपायचं म्हणजे पाच फूट सहा इंचाच्या माणसाने पण गुडघे मोडून. छतावर मोठे सोलार पॅनल सहा तरी आरामात बसतात. म्हातारी आई बरोबर न्यायची तर तिला वेगळी खोली देता येते, असलं सुख दुसऱ्या दोघींत नाही.

पण सिटी बसला फरशीची भानगड असते. या बसेस ९००, ६५० किंवा ४०० मिलिमीटर फरशीच्या येतात. उतारूला चढायला सोपं म्हणून फरशी जितकी खाली, तितके चाकांचे खोके आत वर येतात, आणि लो-फ्लोअर असली तर मागं इंजिनावर पायऱ्यांचा चौथरा. घर करताना प्रत्येक कपाट त्या खोक्यांना वळसा घालून बसवायचं. दोन रुंद दारं असतात, मधलं दार बंद करून भिंत करायची तर तिथला सांगाडा मजबूत करावा लागतो. शिवाय सिटी बसचं गिअरिंग थांबत-थांबत जाण्यासाठी असतं, हायवेला ती साठ-पासष्टच्या वर नेली की नुसती ओरडते. गावोगावी पळणारी जुनी लाल बस त्या मानाने सरळ, फरशी उंच आणि सपाट, खाली पाण्याच्या टाक्या लावायला भरपूर जागा, पण इंजिन पुढं ड्रायव्हरच्या मांडीला लागून, एप्रिलमध्ये निपाणी ते बेळगाव चालवून बघा म्हणजे कळेल.

मोठ्या बसची वायरिंग २४ व्होल्टची, ट्रॅव्हलरची १२ ची. घरातले दिवे, पंखे, पंप १२ चे सहज मिळतात, त्यामुळे मोठ्या बसमध्ये घराची बॅटरी सरळ वेगळीच ठेवा, गाडीच्या बॅटरीला हात लावू नका. गाडीच्या १२-१२ च्या दोन बॅटऱ्यांतल्या एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढायचा शहाणपणा एका ओळखीच्याने केला, एक बॅटरी भरते आणि दुसरी मरते, तीन महिन्यांत दोन्ही भंगारात. एअर ब्रेकचं पण तसंच, सकाळी सेल्फ मारल्यावर हवा भरेपर्यंत थांबायचं, आणि पावसाळ्यात हवेच्या टाकीतलं पाणी रोज सोडायचं. ज्याला हे आवडतं त्याला आवडतं. टायर सहा, वर स्टेपनी, आणि मागचे बहुतेक वेळा रिमोल्ड केलेले, म्हणजे जुन्या टायरवर नवी नक्षी चढवलेले. नक्षी बघून फसू नका, टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, ते बघा.

लायसन्स? बारा मीटरची बस १५-१६ टनांची, तिला हेवीचं लायसन्स लागतंय, आणि आतेभाऊ अजून अल्टो रिव्हर्स घेताना वहिनीला खाली उतरवतो. मिनीबस आणि ट्रॅव्हलर साडेसात टनांच्या आत असतील तर कारचं एलएमव्ही (हलक्या गाडीचं लायसन्स) चालतं, ट्रान्सपोर्टच्या गाडीला पण चालतं असा सुप्रीम कोर्टाचा निकाल नोव्हेंबर २०२४ मध्ये आलाय. आरसीवर लेडन वेट (भरलेल्या गाडीचं वजन) काय लिहिलंय ते मात्र स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, एकाच कंपनीच्या दिसायला सारख्या मिनीबसमध्ये हा आकडा वेगळा असतो.

ट्रॅव्हलरचं फार लिहायला नको, सगळ्यांना माहीत आहे. इंजिन मर्सिडीजच्या जुन्या डिझाईनवरून आलेलं, प्रत्येक गावात मेकॅनिक मिळतो, दहा-अकराचं ॲव्हरेज, चोर्ला घाटात कारसारखी जाते, घरासमोर लागते. दोघांना फिरायचं असलं तर डोळे झाकून ट्रॅव्हलर घ्या आणि पुढचं वाचूच नका. चौघांचं कुटुंब, त्यात दोन पोरं वाढती, तर चौथ्या दिवशी पावसात आत बसून एकमेकांची तोंडं बघायची वेळ येते, कारण एक उठला की बाकी तिघांनी पाय वर घ्यायचे. टूरवाल्याची गाडी असली तर किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, क्लचच्या पेडलचा रबर आणि ड्रायव्हरच्या सीटची कड बघायची. आणि एमएच-०९ आहे म्हणून काय झालं, आपल्याकडे अर्धं गाव त्याच पाटीवर फिरतंय, असं म्हणून गप्प बसू नका. इथं राहून चालवायची तर कोल्हापूरहून एनओसी आणून १२ महिन्यांच्या आत इथलं पासिंग करायला पाहिजे, आणि कर्नाटकचा टॅक्स भरायला लागतंय तो वेगळा. तो आकडा आधी काढून किमतीत धरा, नाहीतर स्वस्त ट्रॅव्हलर शेवटी महागच पडते.

राहिली शाळेची मिनीबस. दिसायला काहीच नाही, पिवळी, आत सीटखाली च्युइंगम आणि पेन्सिलीचे तुकडे. पण शाळेची गाडी दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटर पळते, उन्हाळ्यात दोन महिने उभी असते, एकच ड्रायव्हर असतो. सात मीटरच्या आसपास लांबी, आत नीट उभं राहता येतं, सात-आठचं ॲव्हरेज पडतं. तिचा शत्रू एकच, गंज. खानापूर-जांबोटीचा पाऊस आणि पोरांचे ओले बूट, रबरी चटईखाली पाणी साठतं ते साठतंच. माझ्या गाडीची चटई उचलली तेव्हा प्लायवुड हाताने मांडे मोडल्यासारखं मोडलं, आणि खालचा आडवा चॅनल मागच्या चाकाजवळ पेपरसारखा. अठरा हजार तिथंच गेले. विकताना गाडी बेंदराला बैल सजवल्यासारखी रंगवून उभी करतात, म्हणून खिशात एक लोहचुंबक न्यायचा, स्टीलच्या पत्र्यावर जिथं तो धरत नाही तिथं लांबी (पुट्टी) भरलेली आहे समजायचं. ॲल्युमिनियमचा पत्रा असेल तर चुंबकाचा उपयोग नाही, तिथं रिव्हेटभोवती पांढरी भुकटी आणि काळे ओघळ बघायचे. आणि शक्यतो पावसात बघायला जा, खिडकीच्या सरकत्या काचांतून पाणी कुठं येतंय ते आपोआप दिसतं.

वजनाचं पण सांगतो, कारण हे कुणी करत नाही. मी सीट काढायच्या आधी गाडी उसाच्या वजनकाट्यावर घातली होती, ३,९२० किलो. सगळं घर झाल्यावर परत घातली, दोनशे लिटर पाणी भरून, ४,९४० भरली. हजार किलो कुठून आले तेच कळेना! १९ मिलिमीटरचं प्लायवुड सगळीकडे वापरलं होतं, कपाटाच्या दारांना पण, घराचं फर्निचर करणाऱ्या सुताराला काम दिलं की असंच होतं. आरसीवरच्या वजनाच्या आत बसलो म्हणून वाचलो, पण सगळं जड सामान डाव्या बाजूला गेल्यामुळे गाडी डावीकडे झुकून चालायची, स्प्रिंगचे पाटे बदलून वर एक जादा पान घालावं लागलं. ट्रॅव्हलरमध्ये एवढं प्लायवुड घातलं असतं तर कागदावरचं वजन कधीच ओलांडलं असतं.

उन्हाचं तिन्हींना सारखंच, छताला आतून इन्सुलेशन केल्याशिवाय सीलिंग मारू नका. गॅसचा सिलिंडर आत ठेवायचा असेल तर स्टँडर्डमध्ये जसं सांगितलंय तसा बाहेरून उघडणारा हवेशीर कप्पा करा, किंवा सरळ इंडक्शन घ्या. घरातला लाल १४.२ किलोचा सिलिंडर पलंगाखाली सरकवलेला मी स्वतः एका गाडीत बघितलाय, त्या माणसाला काही बोलायची सोयच नव्हती, पाहुणा होतो.

आणि ती लावणार कुठं? हा प्रश्न आतेभावाला विचारला तर तो गप्प. शहापूरच्या गल्लीत त्याचं घर, गणपतीचा मांडव पडला की तिथून सायकल जात नाही. मोठी बस म्हणजे शेतात नाहीतर कुणाच्या तरी गोडाऊनमध्ये भाडं देऊन, आणि उसाचा हंगाम असला की शेताच्या वाटेवर डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर समोर आला तर दोघांपैकी कुणीतरी अर्धा किलोमीटर मागं जायचं. तिलारी घाटात तर ती घालायचीच नाही. गोव्याला जायला निघालेला माणूस रस्ता बसला विचारून ठरवायला लागला तर फिरणं कसलं, ती ड्युटी झाली.

तर मी त्याला सांगितलं, तू चौघांचा आहेस, शाळेची घे, पण २०१४ ची आहे म्हणून फिटनेस कधीपर्यंत आहे आणि १५ वर्षांचं नूतनीकरण २०२९ ला येणार ते धरून भाव कर. ऑटोनगरवाल्याला आरसीचा फोटो पाठव म्हण, नावावर कोण आहे ते बघू. त्याने तिथंच मेसेज टाकला. काल संध्याकाळपर्यंत दोन निळ्या टिक होत्या, फोटो काही आला नाही. रविवारी सकाळी खानापूरला जायचं ठरलंय, चुंबक आणि टॉर्च माझ्याकडे, चटई उचलायला पोपट पाना तो आणतोय. वहिनीने फक्त एकच विचारलंय, पिवळा रंग बदलणार ना?