मल्टिबिट स्क्रू ड्रायव्हर: मूठ नंतर बघा, आधी बिटची शेपटी बघा

सिक्स-इन-वन (एका मुठीत सहा कामांचा) ड्रायव्हरचा एक बिट, म्हणजे दांड्यात बसणारं सुटं टोक, झिजला आणि अख्खा ड्रायव्हर बाद झाला. मूठ ठणठणीत आहे, दांडा सरळ आहे, चपटी टोकं तर जेमतेम वापरली गेलीत. पण पीएच-२ (दोन नंबरचा फिलिप्स, म्हणजे फुलीच्या टोकाचा बिट) गेला, आणि घरात पीएच-२ वाचून पान हलत नाही. दाराची कडी, खुर्चीचा पाय, पंख्याची जाळी, पडद्याच्या दांडीचा ब्रॅकेट, कुठेही हात घाला, समोर तीच फुली.

कंपनीला कळवलं. बिलाचा फोटो मागितला, दिला. बिटच्या टोकाचा जवळून फोटो मागितला, तोही दिला. फुलीचे चारही पंख टोकाशी गोल झालेले आणि एकाची कड मुडपलेली त्यात स्वच्छ दिसत होती. उत्तर आलं की बिटची झीज वॉरंटीत बसत नाही. ठीक आहे, नसेल बसत. मग तेवढा एक बिट विकत द्या म्हटलं. तर म्हणे सुटा बिट मिळत नाही, नवा ड्रायव्हर घ्या. म्हणजे झिजणारी वस्तू म्हणून वॉरंटी नाही, आणि झिजल्यावर बदलायची सोयही नाही. एका नखाएवढ्या लोखंडासाठी मी चांगली मूठ कचऱ्यात टाकायची!

कोणी म्हणेल, पीएच-२ बिट बाजारात ढिगाने मिळतात, एक आणून घाल की. तिथेच तर मेख आहे. सुटे मिळतात ते १/४ इंची, म्हणजे ६.३५ मिमी षटकोनी शेपटीचे, बहुतेक २५ मिमी लांबीचे. या ड्रायव्हरचा पीएच-२ मात्र दुतोंडी बिटच्या एका टोकाला, आणि तो बिट ५/१६ इंची तोंडात बसणारा. त्या तोंडात साधा बिट खुळखुळतो. दांड्याच्या दुसऱ्या टोकाला १/४ इंची तोंड आहे, तिथे तो जातो खरा, पण आत अडवायला काही नाही आणि चुंबकही नाही. स्क्रूवर जोर दिला की बिट सरळ दांड्याच्या पोटात.

म्हणून आता माझा पहिला आणि जवळजवळ एकमेव निकष हाच: २५ मिमीचा साधा बिट घेतो का? घेत नसेल तर पुढचं काही ऐकायचं नाही. ‘सहा कामं एका हातात’ वगैरे तर मुळीच नाही. त्या सहापैकी टोकं चारच असतात. उरलेली दोन कामं म्हणजे बिट उपसल्यावर दांड्याला दिसणारी षटकोनी भोकं, नट फिरवायला. भोकंही मोजणीत धरली आहेत.

त्या भोकांबद्दल मी बरीच टिंगल केली आहे, ती थोडी मागे घेतो. वॉशिंग मशीनच्या नळीची क्लिप आवळायची होती, मागे हात जेमतेम शिरेल एवढी जागा. क्लिपच्या स्क्रूला चपटी खाच होती, पण चपटं टोक त्या खाचेत टिकेना, सारखं बाजूला घसरायचं. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी. ते तोंड क्लिपच्या षटकोनी डोक्यावर नीट बसलं आणि काम झालं. त्यामुळे जुना ड्रायव्हर अजून ड्रॉवरमध्ये आहे, निव्वळ त्या भोकापायी.

पीएच-२ इतक्या लवकर का गेला? बिट कोवळा होता हे एक कारण. चांगल्या बिटला बहुतेक एस-२ पोलाद असतं, रॉकवेल मापात साठच्या आसपास कडक. त्याहून मऊ असला तर कडा गोल होतात, फार कडक असला तर कोपरा उडतो. दुसरं कारण मोठं आहे. कपाटाच्या कप बिजागऱ्यांचे आणि घरी जोडायच्या फर्निचरचे स्क्रू बऱ्याचदा फिलिप्स नसतातच, ते पोझिड्राइव्ह असतात. ओळखायची खूण सोपी: फुलीच्या चार हातांच्या मधोमध, ४५ अंशांवर, चार बारीक रेघा कोरलेल्या असतात. पीएच-२ त्यात बसल्यासारखा वाटतो, किंचित डुगडुगतो, आणि शेवटच्या जोराला उडी मारून बाहेर येतो. अशा प्रत्येक उडीत बिटची कड जाते आणि स्क्रूचं डोकंही. फिलिप्सच्या खाचेच्या भिंती उतरत्या असतात, त्यामुळे पिळ वाढला की तो तसाही बिटला बाहेर ढकलतो. पोझिड्राइव्हच्या भिंती जवळजवळ सरळ, म्हणून त्याचा स्वतःचा बिट घातला की पकड टिकते. आणि या सिक्स-इन-वनमध्ये पीझेड-२, म्हणजे दोन नंबरचा पोझिड्राइव्ह बिट, द्यायचंच राहिलं होतं. ४.८ आणि ६.३५ मिमीची दोन चपटी टोकं मात्र होती, जी वर्षातून एकदा रंगाच्या डब्याचं झाकण उचकटायला लागतात.

दुसरा घेतला तो १/४ इंची तोंडाचा, चुंबकवाला, मुठीत बिट ठेवायची जागा असलेला, आणि रॅचेटचा, म्हणजे एका दिशेला पकडणारा आणि उलटा मोकळा फिरणारा. पहिल्या आठवड्यात रॅचेटच्या प्रेमातच पडलो होतो. मूठ हातातून न सोडता मनगट पुढे-मागे, स्क्रू आपला आत चाललाय. ७२ दातांचा रॅचेट म्हणजे दर ५ अंशांना एक खटका, अडचणीच्या जागी तेवढीच हालचाल पुरते. हा अनुभव तेव्हाच लिहिला असता तर रॅचेटला पैकीच्या पैकी दिले असते.

आता तो बहुतेक वेळ लॉक करून वापरतो. रॅचेट उलटा फिरताना आतल्या खटक्याचा थोडा अडथळा असतो. स्क्रू घट्ट असेल तर तो जाणवत नाही. पण स्क्रू नुकताच लावलाय, दोन-तीन आटेच धरलेत, किंवा काढताना शेवटचे आटे उरलेत, अशा वेळी खटक्याचा अडथळा आट्यांच्या पकडीपेक्षा भारी पडतो. खटका वाजतच नाही. मनगट मागे घेतलं की स्क्रूही तेवढाच मागे येतो. पुढे पाव फेरा, मागे पाव फेरा, जैसे थे. मग डाव्या हाताच्या बोटांनी बिट धरून ठेवायचा, म्हणजे एका हाताने काम व्हावं म्हणून रॅचेट घ्या आणि दोन हात लावा. घेताना एक गोष्ट करून बघा: बिट दोन बोटांत अगदी हलका धरा आणि मूठ उलट्या बाजूला फिरवा. बिट बोटांत जागीच राहिला तर रॅचेट चांगला. बोटांतून गरकन फिरला तर पाकिटावरच्या दातांच्या आकड्याला काही अर्थ नाही.

चुंबकाचंही असंच. उभ्या जागी स्क्रू टोकावर धरून ठेवायला तो हवाच. पण बिटची शेपटी नुसत्या चुंबकावर अडकलेली असेल तर घट्ट बसलेल्या स्क्रूमधून ड्रायव्हर ओढताना बिट स्क्रूच्या डोक्यातच राहतो. उपकरणाच्या खोल भोकात असं झालं की मग चिमटा शोधा. आत स्प्रिंगची रिंग किंवा गोळी असलेलं तोंड चांगलं, तिथे ही कटकट नाही.

खोल भोकाचा विषय निघालाच आहे तर, बिट घेणाऱ्या ड्रायव्हरची ही खरी उणीव. तोंडाची बाहेरची जाडी सेंटिमीटरभर असते. प्लास्टिकच्या बॉडीत स्क्रू खोल बसवलेले असतात, तिथे ते शिरतच नाही. जुन्या अखंड ड्रायव्हरचा सडपातळ दांडा अशा वेळी आठवतो. उपाय आहे, आणि तो साध्या शेपटीमुळेच शक्य आहे: १०० किंवा १५० मिमी लांबीचा एक पीएच-२ बिट. ६.३५ मिमी षटकोन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ७.३ मिमीच्या आसपास भरतो, त्यामुळे ८ मिमीच्या भोकातही उतरतो. सेटबरोबर हा कधी येत नाही. सेटबरोबर येतात ते एकाला एक चिकटलेले टॉर्क्सचे (सहा टोकांच्या चांदणीसारख्या बिटांचे) आकडे, ज्यातले टी-२० आणि टी-२५ सोडले तर बाकीच्यांना माझ्याकडे अजून हवा लागलेली नाही.

तेव्हा वीस-तीस बिटांचा डबा बघून भुलू नका. घरासाठी पीएच-२ दोन, पीझेड-२ एक, पीएच-१ एक, एक मध्यम चपटा, टी-२० आणि तो लांब पीएच-२, एवढ्यात काम भागतं. पैसे खर्च करायचेच तर पीएच-२ वर करा, तो चांगल्यातला घ्या, बाकीचे सेटमधले चालतील. चष्मा, लॅपटॉप, खेळण्यातल्या बॅटरीचं झाकण यांसाठी ४ मिमी शेपटीचे बारीक बिट वेगळेच घ्यावे लागतात. १/४ इंचाच्या मुठीने तिथे जोर जास्त लागतो आणि छोटे आटे लगेच जातात. आणि विजेच्या कामाला यातलं काहीच नाही. प्लास्टिकची मूठ म्हणजे इन्सुलेशन नव्हे. १००० व्होल्ट आणि दुहेरी त्रिकोणाची खूण असलेला ड्रायव्हर वेगळा असतो, आणि तो हातात असला तरी मेन स्विच आधी बंद करायचा.

नव्याचा पीएच-२ एव्हाना एकदा बदलून झालाय. जुना काढला, नवा खटकन बसला, कोणाला फोटो पाठवावा लागला नाही. एक तक्रार उरते, मुठीच्या शेपटीच्या झाकणाची. ते मुठीबरोबर फिरतं. तळव्याने दाबून पिळताना ते स्वतंत्र फिरायला हवं होतं, म्हणजे तळवा जागीच राहिला असता. आता लांब स्क्रू असला की तळव्याच्या मधोमध लाल चट्टा उठतो, आणि दाबताना झाकण कधी अर्धं उघडून आतले बिट जमिनीवर सांडतात. यासाठी अजून पत्रव्यवहार केलेला नाही.