शिबिरातली सही आणि आईच्या चार दाढा

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स लागला, 'मोफत दंत तपासणी शिबिर'. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. आई तीस वर्षं विड्या वळते आणि बरोबरीच्या बायकांसारखी मिसरी लावते. डावीकडची खालची दाढ अधूनमधून ठणकायची, म्हणून शेजारच्या काकूंबरोबर ती समाजमंदिरात गेली. मी कामावर होते.

तिथं नाव, वय, मोबाइल नंबर लिहून घेतला आणि एका इंग्रजी फॉर्मवर सही घेतली. "काय लिवलंय ह्यात?" आईनं विचारलंही. "तपासणीचा कागद आहे मावशी, सगळ्यांचाच घेतोय." मग तोंडात बारीक कॅमेरा घालून स्क्रीनवर काळे डाग दाखवले. "आत्ताच बंदोबस्त केला तर पुढं कीडच लागणार नाही," असं सांगून चार दिवसांनी दवाखान्यात बोलावलं. येताना आधार, पॅन, पासबुक आणायला सांगितलं, 'सवलतीच्या योजनेसाठी'. रिसेप्शनवरच्या मुलीनं आईचा मोबाइल मागून घेतला आणि आलेले ओटीपी स्वतःच टाकले.

संध्याकाळी आई घरी आली ती गाल धरूनच. कॅप बसवायच्या म्हणून चार दाढा घासून खुंट्यांसारख्या केल्या होत्या. कोमट पाण्याचा घोट घेतला तरी कळ थेट डोक्यात जायची. रात्रभर ती भिंतीला टेकून बसून होती. दुसऱ्या दिवशी मेसेज आला : ४८,००० रुपयांचं कर्ज मंजूर, बारा हप्ते.

मी दवाखान्यात जाऊन कागद मागितले. तासाभरानं फॉर्म हातात दिला. वर आईची सही निळ्या पेनची, शिबिराच्या तारखेची. खाली उपचाराच्या रकान्यात काळ्या पेननं आकडे : १६, २६, ३६, ४६. दंतवैद्यांच्या हिशेबात हे दाढांचे क्रमांक. वर-खाली, दोन्ही बाजूंची पहिली मोठी दाढ. म्हणजे आईनं सही केली तेव्हा तो रकाना कोरा होता. एक्स-रे फक्त ३६ नंबरचा, ठणकणाऱ्या दाढेचा. बाकी तीन दाढांचा एक्स-रेच नाही. विचारल्यावर उत्तर एकच, "सही तुमच्या आईचीच आहे ना?"

आईची आहे. पण ती तपासणीसाठी होती. सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात हेच सांगितलंय की तपासणीला दिलेली संमती उपचाराची संमती होत नाही. उपचार काय, त्यात धोका काय, दुसरा मार्ग कोणता, हे रुग्णाला आधी समजावून सांगावं लागतं. ते त्याला कळेल अशा भाषेतच सांगायला हवं, नाहीतर सांगण्याला अर्थ काय? हे मला आधी माहीत असतं तर मी आईला दवाखान्यात एकटीला पाठवलंच नसतं.

सगळ्यात जास्त जीव तुटला तो पुढच्या गोष्टीनं. दुसऱ्या दंतवैद्यांकडे नेलं, तर त्यांनी दाढांआधी आईचा गाल बोटानं ओढून आत पाहिलं. मिसरी धरून ठेवायची त्याच जागी पांढरा चट्टा होता. पुसून जात नव्हता. त्यातून पुढं कॅन्सर होऊ शकतो, म्हणून तुकडा काढून तपासायला पाठवला. 'पुढं त्रास नको' म्हणत शिबिर भरवणाऱ्यांनी विडी कामगार बाईचा गाल उघडून बघितला नव्हता की मिसरी लावता का, एवढंही विचारलं नव्हतं! खरा बंदोबस्त तर तिथंच होता. मिसरी सोडणं, फ्लोराइडच्या पेस्टनं दोनदा ब्रश, वेळच्या वेळी तोंड दाखवणं, याला ४८,००० लागत नाहीत. आणि एकदा घासलेलं एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं टणक कवच, परत येत नाही.

तुमच्याकडं असं शिबिर आलं तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांबरोबर कुणीतरी जा. कोरा रकाना असलेल्या कागदावर सही नको. कुणी 'योजना' म्हणालं तरी ओटीपी देऊ नका. कॅप, रूट कॅनाल सांगितलं तर त्या-त्या दाताचा एक्स-रे मागा आणि सिव्हिलला किंवा दुसरीकडं दाखवून मगच ठरवा. फसला असाल तर कागद जपून ठेवा. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. डॉक्टरविरुद्धची तक्रार राज्य दंत परिषदेकडं. आम्ही दोन्ही केल्यात.

तुकड्याचा रिपोर्ट चांगला आला. दर तीन महिन्यांनी दाखवायला सांगितलंय. आईनं मिसरीची डबी माझ्या हातात दिली, "तूच टाकून ये" म्हणाली. घासलेल्या दाढा उघड्या ठेवता येत नाहीत, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडं एकेक कॅप बसवतोय. दोन झाल्या. भाकरी अजून दुधात कुस्करूनच खाते.