नावाचा अर्थ सांगणाऱ्या सेवा ‘इरावती’च्या कसोटीवर

इरावती हे नाव मराठीत बहुतेकांनी ऐकलेलं असतं, पण शाळेच्या हजेरीपटावर ते क्वचितच दिसतं. शब्द अस्सल संस्कृत आहे, फोड सोपी आहे, वापर थेट ऋग्वेदापासूनचा आहे. तरीही त्याच्याभोवती भलत्याच अर्थांचं रान माजलेलं आहे. म्हणून मुलींची नावं, त्यांचे अर्थ आणि त्यांची ‘लोकप्रियता’ सांगणाऱ्या सेवा पारखायला हे एक नाव पुरतं. इथे तीन प्रकारच्या सेवा या नावावर घासून पाहिल्या आहेत: नावांची अ‍ॅप्स आणि संकेतस्थळं, कोलोन विद्यापीठाचे ऑनलाइन संस्कृत शब्दकोश, आणि अमेरिका व ब्रिटनमधली नावांची सरकारी आकडेवारी.

आधी खरं उत्तर माहीत असलेलं बरं, म्हणजे कोण कुठे घसरतं ते कळेल. ‘इरा’ म्हणजे पिण्याजोगा रस, विशेषतः दूध; त्यावरून अन्न, पोषण, तरतरी. त्याला ‘ते ज्याच्याकडे आहे’ असं सांगणारा ‘वत्’ प्रत्यय लागला की ‘इरावत्’. पुल्लिंगी इरावान्, स्त्रीलिंगी इरावती. म्हणजे अन्नरसाने भरलेली, दुधापाण्याची ददात नसलेली. ऋग्वेदात ७.९९.३ या ऋचेची सुरुवातच ‘इरावती धेनुमती हि भूतम्’ अशी आहे. सूक्त विष्णूचं, पण ही ओळ द्यावापृथिवींना उद्देशून आहे: तुम्ही दोघी रसाने आणि गाईंनी समृद्ध व्हा. इथे इरावती हे विशेषनाम नाही, विशेषण आहे, आणि तेही द्विवचनात. मुलीच्या नावामागे आकाश आणि पृथ्वी अशा दोघी उभ्या असणं याहून सुंदर मूळ सापडणं अवघड.

नदीचं नाव त्यानंतरचं. पंजाबातली जी नदी ऋग्वेदात परुष्णी आहे, ती महाभारतात इरावती होते आणि पुढे उच्चार झिजत रावी. व्यक्तिनाम म्हणून पाहायचं तर कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त अग्निमित्राची एक राणी इरावती आहे, ‘राजतरंगिणी’त सुश्रवा नागाची एक मुलगी इरावती आहे, आणि रामायणाच्या अरण्यकांडातली इरावती ही ऐरावताची आई. अर्जुन आणि उलूपीचा मुलगा इरावान्, हे याच शब्दाचं पुल्लिंगी रूप. मराठी माणसाला हे नाव आठवतं ते मात्र मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे (१९०५–१९७०) यांच्यामुळे. त्यांचा जन्म ब्रह्मदेशातला, आणि नाव तिथल्या इरावती नदीवरून ठेवलेलं. त्यांच्यावरून मुलीचं नाव ठेवणाऱ्याला कुणी ‘म्हणजे रावी नदी’ असं सांगितलं, तर ते शब्दाला धरून बरोबर आहे, पण नदी चुकली.

आता अ‍ॅप्स आणि संकेतस्थळं. हजारो नावं, आद्याक्षराची चाळणी, आवडलेली नावं बाजूला ठेवायची सोय, घरच्यांना यादी पाठवायची सोय: इतपत ही मंडळी कामाची आहेत. पन्नास नावांची कच्ची यादी करायला त्यांच्याइतकं झटपट दुसरं काही नाही. अर्थाच्या रकान्यावर मात्र विश्वास ठेवू नये, आणि का ठेवू नये ते इरावतीवरून स्वच्छ दिसतं.

या याद्यांमध्ये इरावतीचा अर्थ ‘वीज’ असा सर्रास आढळतो. विजेचा शब्द आहे ‘ऐरावती’. अमरकोश या जुन्या संस्कृत समानार्थी-शब्दकोशात शंपा, शतह्रदा, ह्रादिनी यांच्या पंक्तीला तो बसलेला आहे. दोन्ही शब्द एकाच मुळाचे, पण एक नव्हेत. इ आणि ऐ यांतला फरक याद्या एकीतून दुसरीत उतरताना पुसला गेला. ‘इरा’ या सुट्या नावाची अवस्था आणखी वाईट. तिथे ‘जागरूक’, ‘शांती’, ‘पृथ्वी’, ‘सरस्वती’ असे चार अर्थ एका ओळीत शेजारी बसतात. यातला ‘जागरूक’ हिब्रूतून आलाय, आणि बायबलमधला तो इरा पुरुष आहे. ‘शांती’ हा रशियन ‘इरिना’च्या लाडक्या रूपातून आलाय, आणि त्याचं मूळ ग्रीक. रोमन लिपीत तिन्ही नावं तीन अक्षरांची आणि हुबेहूब सारखी दिसतात, म्हणून तीन भाषांचे अर्थ एका मुलीच्या नावावर चढले. मूळ भाषेचा रकाना नसलेली कुठलीही यादी ही चूक करणारच.

‘पृथ्वी’ आणि ‘सरस्वती’ हे अर्थ मात्र संस्कृतातलेच आहेत. अमरकोशाची ओळ आहे ‘इरा भूवाक्सुराप्सु स्यात्’: भूमी, वाणी, सुरा आणि पाणी. अ‍ॅप्स यातली भूमी आणि वाणी उचलतात, आणि सुरा गाळतात. सुरा म्हणजे मद्य. यामुळे नाव बाद करण्याचं काही कारण नाही, कारण ‘रस’ या एकाच कल्पनेतून दूध, पाणी आणि मद्य हे तिन्ही अर्थ निघतात. पण घरात कुणीतरी शब्दकोश उघडणारं असतंच, आणि बारशानंतर ‘अगं, याचा अर्थ दारू असाही होतो’ हे ऐकण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. अर्धी ओळ सांगणारी सेवा इथे पालकांना तोंडघशी पाडते.

राशीचा रकानाही तपासून घ्यावा. जन्मनक्षत्राच्या चरणावरून (म्हणजे चौथ्या भागावरून) नावाचं अक्षर देणाऱ्या अवकहडा चक्रात कृत्तिका नक्षत्राची चार अक्षरं अ, ई, उ, ए. त्यातला पहिला चरण मेषेत, उरलेले तीन वृषभेत. म्हणजे ‘इ’वरून इरावती वृषभेची. रोमन आद्याक्षरावर चालणाऱ्या यादीत अ, इ, ए यांची सरमिसळ होते आणि मेष लिहून येतं. जन्मनक्षत्रावरून अक्षर काढायचं असेल तर पंचांगातला चरण पाहावा, अ‍ॅपचा रकाना नाही.

कोलोनचे संस्कृत शब्दकोश ही या तिघांतली सर्वांत उत्तम सेवा, आणि ती फुकट आहे, जाहिरातींशिवाय आहे. जर्मनीतल्या कोलोन विद्यापीठाने जुने छापील कोश अंकीय करून शोधता येतील असे ठेवले आहेत. त्यात मोनिअर-विल्यम्सचा १८९९ चा संस्कृत–इंग्रजी कोश आहे, आपल्या वामन शिवराम आपट्यांचा १८९० चा कोश आहे, आणि बोटलिंक–रोट यांचा प्रचंड जर्मन कोशही आहे. नावासाठी पहिले दोन पुरे. वैदिक वापर पाहायचा तर मोनिअर-विल्यम्स, काव्यनाटकांतला वापर पाहायचा तर आपटे.

वापरायची रीत थोडी शिकावी लागते. शोधखिडकीच्या शेजारी शब्द कोणत्या लिपीत देणार ते आधी निवडायचं, देवनागरी चालते. निवड एका पद्धतीची आणि टंकन दुसऱ्या पद्धतीचं झालं की ‘सापडलं नाही’ असं उत्तर येतं. नवख्यांपैकी बरेचजण इथेच माघार घेतात. दुसरी अडचण मराठी माणसाची खास आहे. आपण नाव स्त्रीलिंगी रूपात लिहितो, कोश मूळ अंगाखाली नोंद देतो. त्यामुळे इरावतीची माहिती ‘इरावत्’ या नोंदीत शोधायची, शेवटचा त हलन्त. ‘वती’ असेल तिथे ‘वत्’, ‘मती’ असेल तिथे ‘मत्’, ‘इनी’ असेल तिथे ‘इन्’: तेजस्विनीसाठी तेजस्विन्, मधुमतीसाठी मधुमत्. मग पूर्वपद वेगळं शोधायचं, इथे ‘इरा’. दोन्ही नोंदी वाचल्याशिवाय अर्थ पुरा होत नाही. ऱ्हस्व-दीर्घ काटेकोर हवं; ‘ईरा’ टाकलंत तर भलतीच वाट धराल.

नोंद उघडली की अर्थांपेक्षा अर्थांमागची संक्षेपाक्षरं आधी पाहावीत. ही या सेवेची खरी कमाई आहे आणि कुठल्याही नाव-अ‍ॅपमध्ये ती मिळत नाही. प्रत्येक अर्थापुढे तो कोणत्या ग्रंथात आला ते दिलेलं असतं: ऋग्वेद, अथर्ववेद, महाभारत, भागवत. ज्या अर्थापुढे नुसतं रोमन ‘एल’ आणि टिंब असतं, तो फक्त कोशकारांनी नोंदवलेला. प्रत्यक्ष ग्रंथातला वापर तिथे दाखवलेला नसतो. ‘इरा’च्या नोंदीत पेय आणि दूध यांपुढे ऋग्वेद-अथर्ववेद आहेत, मद्यापुढे भागवत आहे, आणि पृथ्वी, वाणी, सरस्वती यांपुढे तो ‘एल’ आहे. म्हणजे अ‍ॅप्स ज्यांना मुख्य अर्थ म्हणून मिरवतात ते इथे सगळ्यांत कच्चे ठरतात. ‘एन. ऑफ’ हा दुसरा इंग्रजी संक्षेप ‘याचं नाव’ असं सांगतो, ‘याचा अर्थ’ असं नव्हे. तो वाचायला चुकलं की ‘इरावती म्हणजे दुर्गा’ असं समजून बसायला होतं. रुद्राच्या पत्नीचं ते एक नाव आहे, एवढंच तिथे म्हटलेलं असतं. शंका आली तर छापील पानाचं चित्रही उघडता येतं, ते जरूर पाहावं.

उणिवा आहेत. अर्थ इंग्रजीत आणि तेही सव्वाशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत. मांडणी रूक्ष. आणि नाव संस्कृत नसेल तर हे सगळं भांडार निरुपयोगी. कियारा, मायरा इथे शोधू नयेत. आपली देशी नावंही इथे मिळणार नाहीत. भिवरा हे भीमा नदीचं बोलीतलं नाव आणि जुन्या पिढीतल्या बायकांचंही. त्यासाठी शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांकडे वळावं. तिथे मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी कोश आणि दाते–कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शोधता येतो.

राहिली लोकप्रियता. बहुतेक अ‍ॅप्सवर दिसणारी टक्केवारी किंवा बदामांची संख्या ही त्या अ‍ॅपवर नाव किती जणांनी पाहिलं वा निवडलं याची असते, किती मुलींना ठेवलं याची नाही. शोधांचा आलेख देणारी गूगल ट्रेंड्सची सेवाही इथे कामाची नाही: शून्य ते शंभर हे प्रमाण शोधांचं, आणि ‘इरावती’ शोधणाऱ्यांत नदी शोधणारे, लेखिका शोधणारे सगळे आले. जन्मांवर आधारलेली खरी आकडेवारी हवी तर अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी प्रशासनाची सेवा आणि इंग्लंड-वेल्सच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची. पहिलीत १८८० पासूनची नावं वर्षवार, मुलगा-मुलगी वेगळं. पानावरची शोधखिडकी पहिल्या हजार नावांपुरतीच आहे, त्यामुळे विरळ नावासाठी संपूर्ण फाइल उतरवून घ्यावी लागते. त्या फाइलीतही वर्षाला पाचपेक्षा कमी बाळांना ठेवलेलं नाव गोपनीयतेसाठी गाळतात. इंग्लंड-वेल्समध्ये ही मर्यादा तीन, आणि पूर्ण याद्या १९९६ पासूनच्या. म्हणून इरावती दिसली नाही तर ‘कुणीच ठेवलं नाही’ असं म्हणता येत नाही.

दोन्ही सेवा स्पेलिंग जसंच्या तसं मोजतात. ‘व’ला ‘व्ही’ लिहिणाऱ्या इरावती एका ओळीत, ‘डब्ल्यू’ लिहिणाऱ्या दुसऱ्या ओळीत. बेरीज तुम्हीच करायची. ‘इरा’चा आकडा तर आणखी जपून वाचावा. अमेरिकेच्या जुन्या वर्षांत इरा हे मुलांचं नाव आहे, त्यामुळे मुलींचाच रकाना घ्यायचा, आणि त्यातही भारतीय इरा किती आणि रशियन किती हे कळायचा मार्ग नाही. एवढं सांभाळलं तर आकडे प्रामाणिक आहेत. ते परदेशातल्या जन्मांचे आहेत इतकं मात्र विसरू नये. अमेरिकेत वाढलेलं नाव पुण्यात वाढलंय असं त्यावरून ठरवणं चूक. भारतात जन्मनोंदणी होते, पण नावांची अशी वार्षिक क्रमवारी प्रसिद्ध होत नाही. ‘महाराष्ट्रातली सर्वाधिक लोकप्रिय शंभर नावं’ अशी यादी दिसली तर ती कशावरून काढली हे आधी विचारावं.

नाव पक्कं झालं की देवनागरीत ऱ्हस्व इ घालून ‘इरावती’ लिहावं; ‘ईरावती’ हे रूप चुकीचं. जन्मनोंदणीत बाळाचं नाव पहिल्या १२ महिन्यांत शुल्काशिवाय घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. त्या अर्जावरच रोमन स्पेलिंग ठरवून टाका, ‘व्ही’ की ‘डब्ल्यू’, आणि शाळा, आधार, पासपोर्ट सगळीकडे तेच ठेवा.