बोअर केलाच नव्हता: पद्मिनीच्या इंजिनकामात मी असा फसलो

अण्णांनी १९८४ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी गोव्यात फोंड्याला आमच्या अंगणात अजून उभी आहे, जुन्या जीडी नंबरसकट. अण्णा जाऊन सहा वर्षं झाली. गाडी मी आठवड्यातून दोनदा तरी बाहेर काढतो. फर्मागुडीचा चढ ती पूर्वी तिसऱ्यात घ्यायची. गेल्या वर्षी दुसऱ्यात टाकल्याशिवाय चढेना. बेळगावला मामेबहिणीचं लग्न होतं, चोर्ला घाटातून चौघांनी जायचं होतं. म्हणून ठरवलं, इंजिनाचा दम थोडा वाढवून घेऊ. त्यात एक लाख अठरा हजार रुपये गेले आणि गाडीचा मूळ कार्ब्युरेटरही गेला. जुनी गाडी सांभाळणाऱ्या दुसऱ्या कुणाचं असं होऊ नये म्हणून सगळं लिहून काढतोय.

मला रेसची गाडी नको होती. दुसरं इंजिन बसवायला तर मी आधीच नकार दिला होता. त्यात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ येतं, आरसीवर नोंद लागते. शिवाय २०२१च्या केंद्रीय नियमानुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद व्हायची तर इंजिनात, चेसिसमध्ये मोठे फेरफार झालेले चालत नाहीत. आमची गाडी २०३४ साली पन्नाशीला पोचेल. तोवर ती आहे तशीच राहावी, फक्त चढावर रडू नये, एवढीच इच्छा.

ओळखीच्या एकाने म्हापशाजवळचं एक गॅरेज सुचवलं. गॅरेजवाला बोलायला फार गोड. बॉनेट उघडून दोन मिनिटं रेस दिली आणि म्हणाला, "बाब, बोअर वाढवून हिला बाराशे सीसी करतो, इटलीचा कॅमशाफ्ट घालतो, हेड फेस करतो, इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवतो. गाडी वाऱ्यासारकी धांवतली." बोअर म्हणजे सिलिंडरच्या आतला व्यास, कॅमशाफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण आणि ते फेस करणं म्हणजे त्याची खालची बाजू कापून सपाट करणं. मी हरखलो. पेन्सिलने लिहिलेल्या चिठ्ठीवर भरवसा ठेवून ऐंशी हजार आगाऊ पाठवले.

खरं तर त्याच क्षणी एक हिशेब करायला हवा होता. पद्मिनीच्या सिलिंडरचा बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, ७५, सिलिंडर चार, म्हणून १०८९ सीसी. त्याने सांगितलेला पिस्टन ०.६० ओव्हरसाईज, म्हणजे बोअर ६८.६. गुणाकार केला तर उत्तर येतं सुमारे ११०९ सीसी. वीस सीसी वाढले. बाराशे सीसीसाठी बोअर साडेतीन मिलिमीटरच्या आसपास वाढवावा लागेल, त्याला ओव्हरसाईज पिस्टन म्हणत नाहीत. दहावीच्या गणितात उघडं पडलं असतं असं हे आश्वासन होतं आणि मी ते तसंच घरी घेऊन आलो.

तीन आठवड्यांनी गाडी मिळाली. इंजिनाला चकचकीत रंग, डेल्कोवर, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागावर, नवी लाल कॅप, सायलेन्सरचा आवाज भरदार. त्याने शेजारी बसून एक फेरी मारवली आणि पिकअप खरोखर वाढल्यासारखा वाटला. आता कळतं, टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, पुढे घेतलं की गाडी थोडी चटपटीत वाटते आणि आवाज मोठा असला की कानालाच वेग वाटतो. उरलेले अडतीस हजार मी तिथेच दिले. बिल मागितलं तर म्हणाला, "अठरा टक्के जीएसटी कशाला भरताय?" जुने सुटे भाग मागितले तर म्हणाला, भंगारात टाकले.

लग्नाच्या आदल्या दिवशी निघालो. उसगाव, होंडा, साखळी, सगळं ठीक. केरीच्या पुढे घाट लागला आणि चढावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनातून टकटक येऊ लागली, डब्यात खडे हलवल्यासारखी. तिसऱ्या वळणापर्यंत टेंपरेचरचा काटा लाल. थांबलो तेव्हा सायलेन्सरमधून पांढरा धूर येत होता आणि ऑइलची कांडी ओढली तर दुधाळ चहासारखं ऑइल. हेडखालचं पॅकिंग गेलं होतं, पाणी ऑइलमध्ये मिसळलं होतं. आई मागे बसली होती, तिला एका अनोळखी माणसाच्या गाडीतून बेळगावला पाठवावं लागलं. गाडी टो करून साखळीला आणली.

साखळीला एक मेस्त्री भेटले, वय सत्तरच्या घरात. फियाटवर हात बसलेला. त्यांनी हेड उतरवलं आणि मला हाक मारून जवळ बोलावलं. पिस्टनच्या माथ्यावरचा काळा थर पुसला. खाली कोरलेलं होतं, एसटीडी, म्हणजे स्टँडर्ड, मूळ मापाचा. ओव्हरसाईज पिस्टन असता तर तिथे ०.६० दिसलं असतं. मग त्यांनी माझं बोट सिलिंडरच्या वरच्या कडेवर फिरवलं. नख अडकलं. वर्षानुवर्षं रिंगा घासून तयार होणारी ती धार बोअर केल्यावर राहूच शकत नाही. "ह्या बोअराक कोणेंच हात लावूंक ना," मेस्त्री म्हणाले.

पुढचं सगळं असंच उलगडत गेलं. कॅमशाफ्टची उचल डायल गेजने मोजली, चारही सिलिंडरला जुनीच, झिजलेली. लाल कॅपच्या आत इलेक्ट्रॉनिक काहीच नाही, जुने पॉइंट आणि जुना कंडेन्सर. एकच काम खरोखर झालं होतं, हेडचं फेसिंग, आणि तेच घातक. ॲल्युमिनियमचं हेड बेसुमार कापलं होतं आणि तेही वाकडं. त्यावर पट्टी ठेवली तर एका बाजूने फट मोजायचा फिलर गेज सरळ आत जात होता. कॉम्प्रेशन वाढलेलं, त्यात टायमिंग पुढे, म्हणून इंजिन ठोकत होतं, त्याची उष्णता वाढत गेली आणि पॅकिंग फुटलं. कार्ब्युरेटरही माझा नव्हता. अण्णांच्या गाडीचा सोलेक्स कंपनीचा कार्ब्युरेटर काढून कुठल्यातरी गाडीचा खिळखिळा सोलेक्स लावला होता, थ्रॉटलची कांडी हलवली की डुगडुगणारा.

मेस्त्रींनी मला जे सांगितलं ते कामाचं आहे. दम गेलेल्या गाडीला आधी वाढवायचं नसतं, आधी मोजायचं असतं. कॉम्प्रेशन गेज लावून चारही सिलिंडरचे आकडे कागदावर घ्या. ते एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत असले आणि सगळेच कमी नसले तर बोअरला हात लावू नका. टायमिंग, टॅपेट, जेट, पॉइंट एवढं नीट केलं तरी मूळचा दम परततो, आणि पद्मिनीसारख्या गाडीत बहुतेकदा तोच हरवलेला असतो. रेडिएटर आणि ब्रेक त्याआधी. चारही चाकांना ड्रम असलेली गाडी जास्त पळवायची तर थांबेल कशी, हे आधी पाहायचं. बोअर करायचाच असेल तर पिस्टनचा डबा स्वतः उघडून माथ्यावरचा आकडा बघा आणि लेथवर बोअर मोजताना तिथे उभे राहा. हेड किती कापलं तो आकडा बिलावर लिहून घ्या. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून घरी आणा, मोडका असला तरी. मी आता गाडी देण्याआधी कार्ब्युरेटर, डेल्को आणि इंजिन नंबर यांचे फोटो काढतो.

दुसरं हेड शोधून, ०.४० पिस्टन घालून, खरी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून मेस्त्रींनी गाडी उभी केली. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्याही बदलल्या, इथेनॉलच्या पेट्रोलला टिकणाऱ्या घातल्या. सेहेचाळीस हजार झाले, प्रत्येक रुपयाचं बिल आहे.

गॅरेजवाला आता फोन उचलत नाही. मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दिली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. तक्रार कशी करायची ते १९१५ या हेल्पलाइनवर नीट समजावतात. बिल नसल्याने माझ्या हातात यूपीआयच्या नोंदी, ती पेन्सिलची चिठ्ठी आणि मेस्त्रींनी हेड उतरवताना काढलेले फोटो एवढंच आहे.

गाडी परवा फर्मागुडी तिसऱ्यात चढली. फक्त कार्ब्युरेटर परका आहे. अण्णा प्रत्येक भागावर खूण करायचे. त्या सोलेक्सच्या खालच्या फ्लँजवर पंचाने मारलेले दोन ठिपके आहेत, एकमेकांना लागून. कुणाच्या हाती जुना सोलेक्स आला तर एकदा उलटा करून बघा.