स्कार्लेट फीवरची शंका: रॅपिड टेस्ट की स्वॅब कल्चर?

दादरच्या एका मैत्रिणीच्या पाच वर्षांच्या मुलीला ताप आला, घसा लाल झाला, अंगावर पुरळ उठलं. डॉक्टरांना स्कार्लेट फीवरची, म्हणजे स्ट्रेप्टोकोकस जंतूमुळे घसा दुखून अंगावर पुरळ उठणाऱ्या तापाची, शंका आली. त्यांनी दोन तपासण्या सुचवल्या: रॅपिड टेस्ट (घशातल्या नमुन्यात या जंतूचे अंश शोधणारी झटपट तपासणी) आणि स्वॅब कल्चर (तो नमुना लॅबमध्ये ठेवून जंतू वाढतात का ते पाहणं). मैत्रीण गोंधळली.

आधी अंगावरून हात फिरवा. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, पण पुरळ काचपेपरसारखं खरखरीत लागतं. काखेत, जांघेत ते गडद होतं, ओठांभोवती मात्र त्वचा फिकी राहते. जीभ आधी पांढरी, मग लालबुंद आणि दाणेदार. सर्दी, खोकला, लाल डोळे असतील तर डॉक्टर गोवराचाही विचार करतील.

वेळ: रॅपिड टेस्टचं उत्तर साधारण १०-१५ मिनिटांत, कल्चरला एक-दोन दिवस.

भरवसा: रॅपिड पॉझिटिव्ह आली की पुरे. निगेटिव्ह आली तर मुलांमध्ये कल्चर करावंच, कारण काही संसर्ग निसटतात.

खर्च: लॅबगणिक वेगळा, फोन करून विचारा. रॅपिड सगळीकडे मिळतही नाही.

त्रास सारखाच, घशात एकदा काडी. फक्त अँटिबायोटिक सुरू करण्याआधी नमुना द्या. घरात उरलेलं औषध तर मुळीच देऊ नका!

लक्षणं ठळक असतील, उपचार आजच ठरवायचे असतील तर रॅपिड. ती निगेटिव्ह आली किंवा जवळपास मिळतच नसेल तर कल्चर. आजार सुरू झाल्यापासून ९ दिवसांत अँटिबायोटिक सुरू झालं तरी संधिवाताच्या तापापासून आणि त्यातून हृदयाच्या झडपांना होणाऱ्या इजेपासून बचाव होतो. श्वास घ्यायला, थुंकी गिळायला त्रास होत असेल तर तपासणीसाठी न थांबता थेट हॉस्पिटल गाठा.