दाभोळ–धोपावे फेरी: आगबोटीच्या बंदरात आता गाडीसकट

माझं माहेर गुहागरचं, सासर दापोलीचं. चिपळूणवरून वळसा घालायचा म्हणजे शंभरावर किलोमीटर. २००३ पासून दापोलीकडच्या दाभोळहून गुहागरकडच्या धोपाव्याला फेरीबोटीने गाडीसकट खाडी ओलांडता येऊ लागली आणि आमच्या घरच्या सणावारांची गणितंच बदलली.

धक्क्यावर तिकीट काढायचं, फेरीचा रॅम्प खाली आला की खलाशी हात करेल तशी गाडी आत घ्यायची. मला त्या खलाशांचं फार कौतुक आहे. आंब्याच्या पेट्यांचा टेम्पो, रिक्षा, चार-सहा मोटारी, उरलेल्या फटींत दुचाक्या, सगळं इतकं नेमकं बसवतात की आरसासुद्धा घासत नाही. गाडीत बसून राहू नका, वर जाऊन उभे राहा. दाभोळच्या काठावरच्या जुन्या मशिदीचा घुमट मागे जातो, आणि समुद्राच्या बाजूला, वाशिष्ठीच्या मुखाशी अंजनवेलचा गोपाळगड दिसतो.

हे बंदर साधं नाही. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी परतीच्या प्रवासाला इथूनच जहाजात चढला. १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीजांनी दाभोळ जाळलं. पण आमच्या घरात दाभोळ म्हणजे आगबोट. आई सांगायची, बोट धक्क्याला लागायचीच नाही, ती बाहेर खोल पाण्यात उभी. पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून, तिच्यापर्यंत जायचं आणि लाट वर आली की खलाशी पोराला बखोटीला धरून वर ओढायचा. मुंबईहून येणारे चिपळूणकर इथे उतरून लाँचने खाडीतून चिपळूणजवळच्या गोवळकोटला जायचे. पावसाळ्यात सगळं बंद. पुढे रस्ते झाले, एसटी गावोगाव पोचली, आगबोटी थांबल्या. ज्या गाड्यांनी बंदराचा प्रवासी नेला, त्याच गाड्या आज या बंदरात रांग लावून उभ्या असतात, याचं मला मनापासून समाधान वाटतं.

एक मागणी आहे. तिकीट खिडकीजवळ आगबोटीचे जुने फोटो आणि वेळापत्रक लावावं. पडावातून चढलेली माणसं अजून गावात आहेत, तोवर त्यांना विचारून घ्यावं.

मे महिन्यात आणि गणपतीत जाणार असाल तर सकाळी लवकर धक्का गाठा. पावसाळ्यात आधी फोन करून फेरी चालू आहे का विचारा, आणि म्हाताऱ्या माणसांना गाडी आत लागल्यावरच उतरवा, ओहोटीला उतार निसरडा असतो.